हळदीला साठ माणसं

"सर, हे चुकलंय," रुतिका म्हणाली, आणि अभयरावांच्या हातातला कागद होता तिथेच थांबला. तिने मान वर केली नव्हती. समोरच्या कोऱ्या कागदावर तिने रेघ मारून एका मंगल कार्यालयाच्या हिशेबाचे दोन रकाने केले होते, एका रकान्यात लग्न, दुसऱ्यात हळद. हळदीच्या रकान्यात, त्यांनी सुरुवातीला वाचून दाखवलेला साठचा आकडा तिने नीट गोल काढून लिहिला होता आणि पेनाचं टोक त्या शून्यावर टेकवून ती बसली होती. शनिवारची दुपार, अक्षताचा खारघरचा सहाव्या मजल्यावरचा हॉल, फळ्यावर अर्धवट पुसलेली गणितं, गॅलरीच्या दारातून दिसणारा उन्हात तापलेला डोंगर. अभयरावांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसावं. चूक दाखवली गेल्याचं त्यांना नवल नव्हतं. एकाहत्तर वर्षांत ते स्वतःच स्वतःच्या इतक्या चुका काढत आले होते की बाहेरच्या कुणाला त्या कामाला हात लावायची गरजच उरली नव्हती. पण ही मुलगी दोन महिने दर शनिवारी त्यांच्यासमोर बसत होती आणि या दोन महिन्यांत तिने त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता. आणि आज एकदम हे, तेही शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलंय असं सांगावं तितक्या हळू.

"काय चुकलंय?" त्यांनी विचारलं. खरं तर त्यांनी काही विचारायचं नसतं, तसा नियम होता.

"हळदीला साठ मानसं," ती म्हणाली. एरवी कॉलेजातलं घोटीव मराठी बोलणारी रुतिका गडबडली की नावड्याच्या घरच्या बोलीत जायची. "साठ तर सर, आमच्यात नुसती वाढायलाच लागतात."

आतून, स्वयंपाकघरातून, अक्षताचं हसणं ऐकू आलं. अभयरावांनी कागद पाहिला, उलटा केला, पुन्हा पाहिला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की दोन पानं एकमेकांना चिकटली होती. साठ हा आकडा मागच्या पानावरचा, एका कॉफीच्या दुकानातल्या खुर्च्यांचा होता. हळदीच्या पानावर अक्षताने आठशे लिहिलं होतं. "आठशे," ते म्हणाले. "आठशे धरा." रुतिकाने साठ खोडला, आठशे लिहिला आणि म्हणाली, "आठशे पण कमीच आहेत सर, पण चालेल. ही नोकरदार घरांच्या हळदी धरून सरासरी आहे का? आणि जेवणाचा खर्च हॉलवाल्याचा की घरच्यांचा?" आणि मग नळाला पाणी आल्यासारखी ती विचारतच सुटली.

हे काम त्यांच्याकडे कसं आलं, हा प्रश्न अभयराव स्वतःला अधूनमधून विचारत, आणि दर वेळी त्यांना थोडं हसू येई. अक्षता त्यांच्याच सोसायटीतली, वडील लवकर गेलेली, लहानपणी त्यांच्याकडून पुस्तकं नेणारी मुलगी. एका मोठ्या सल्लागार कंपनीत तिने आठ वर्षं काढली, विमानं आणि हॉटेलं यांना कंटाळली, आणि घरी बसून त्याच कंपन्यांत शिरू पाहणाऱ्या मुलांना मुलाखतीसाठी तयार करू लागली. तिथल्या मुलाखतीत म्हणे केस देतात. केस म्हणजे एखाद्या धंद्याचं रचलेलं दुखणं. नफा का घटला, नवं दुकान काढावं का, असलं काहीतरी. समोरचा माणूस सुरुवातीचा मजकूर वाचून दाखवतो, बाकी सगळी माहिती त्याच्याजवळ असते, पण तो ती आपणहून देत नाही. उमेदवाराने वैद्यासारखं विचारत विचारत दुखण्याच्या मुळाशी जायचं. अक्षताची मुलं सराव आपापसात करायची आणि दहा मिनिटांत एकमेकांना मदत करू लागायची. तिला हवा होता एक अनोळखी, वयस्क, मख्ख माणूस. "काका, तुमच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नाही," ती एकदा लिफ्टमध्ये म्हणाली होती. "माझ्या जुन्या पार्टनरचा, कंपनीतल्या सगळ्यात वरच्या साहेबाचा, चेहरा अस्साच होता. तुम्ही नुसते बसा. फक्त एक नियम. विचारलं तरच सांगायचं." अभयरावांनी घरी येऊन राजेश्वरीला हे सांगितलं तेव्हा ती डाळ निवडत होती. "अहो, मग अवघड काय आहे त्यात?" ती म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षं तेच तर करताय."

ते खरंच होतं. विचारलं तरच सांगायचं. हा नियम ऐकला तेव्हा अभयरावांना आपलं चरित्र कुणीतरी तीन शब्दांत छापल्यासारखं वाटलं होतं. तळोज्याच्या एका रसायन कंपनीच्या ग्रंथालयात त्यांनी एकतीस वर्षं काढली. ग्रंथालय म्हणजे एक लांब खोली, लोखंडी कपाटं, आणि खिडकी उघडली तर येणारा तो आंबट, जरासा गोड वास, ज्याची पुढे इतकी सवय झाली की सुट्टीत गावी गेल्यावर हवेत काहीतरी कमी आहे असं वाटे. इंजिनिअर यायचे, पुस्तकाचं नाव सांगायचे, ते काढून द्यायचे. एकदा धर्मराज नावाचा एक तरुण इंजिनिअर तीन आठवडे रोज येत होता. पिंपात भरलेली भुकटी दगडासारखी का घट्ट होते, याचा तो शोध घेत होता, आणि त्याचं उत्तर असलेली एक पातळशी पुस्तिका अभयरावांच्या टेबलाच्या खणात होती. त्यांनी ती वाचली होती. कपाटातलं जवळजवळ सगळंच त्यांनी वाचलं होतं, समजो न समजो. पण धर्मराज पुस्तकांची नावं सांगे, अडचण सांगत नसे, आणि आपण कोण एका इंजिनिअरला सांगणार, असं मनात येऊन अभयराव नुसते वही पुढे करत. चौथ्या आठवड्यात त्यांनी ती पुस्तिका त्याने मागितलेल्या पुस्तकांच्या थप्पीवर गुपचूप ठेवून दिली. पुढे कारखान्यात पेढे वाटले गेले, एक पेढा ग्रंथालयातही आला. तो खाताना त्यांना समाधान वाटलं होतं आणि त्याच घासाला तीन आठवड्यांची लाजही. लग्नाचंसुद्धा तेच. बघायला गेले तेव्हा दोघांना गच्चीवर पाठवलं होतं आणि ते पाण्याच्या टाकीकडे पाहत उभे होते. शेवटी राजेश्वरीच म्हणाली होती, "मी तुम्हांला पसंत आहे का, हे आता मीच विचारायचं का?" तिने विचारलं म्हणून त्यांनी हो म्हटलं. विचारलं नसतं तर, या विचाराने अजूनही कधीतरी पहाटे त्यांना दचकून जाग येई, आणि शेजारी तिचा श्वास ऐकला की पुन्हा झोप लागे.

म्हणून रुतिका पहिल्या शनिवारी समोर येऊन बसली तेव्हा त्यांनी तिला लगेच ओळखलं. स्वतःच्या जातीचा माणूस माणसाला कळतो, ती जात जन्माने येत नाही. हुशारी तिच्या हातातून सांडत होती. मोठमोठे गुणाकार ती ओठ न हलवता करायची, एकदा ऐकलेला आकडा विसरायची नाही. पण विचारायची नाही. अक्षतासमोर बसली की भराभर प्रश्न, आणि अभयरावांसमोर बसली की मिटलेला शिंपला. जे सांगितलं नाही ते ती स्वतःच कल्पनेने भरून काढायची, आणि पुष्कळदा बरोबर भरायची, म्हणून तर पंचाईत. अक्षताने कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, आमच्याकडे मोठी माणसं बसली असतील तर त्यांना उलट विचारत नाहीत, एकदा सांगतील ते कान देऊन ऐकायचं. आजोबा मिठागरावर होते तेव्हापासूनचं आहे ते. आणि शेवटच्या फेरीत समोर कंपनीतला सगळ्यात ज्येष्ठ माणूस असतो. तिचे वडील कुंदन, नावड्यात मंडप-डेकोरेशनचा धंदा करणारा, गळ्यात सोन्याची जाड साखळी घातलेला आणि आवाजाने लाजाळू असलेला माणूस, एकदा तिला सोडायला वर आला होता. सोफ्याच्या कडेला बसून म्हणाला, "सर, तिला समदं येतं. पन तोंड उघडत नाय. घरान माझ्याशी भांडताना बरं उघडतं." रुतिका म्हणाली, "पप्पा, तुम्ही मोठी माणसं थोडीच आहात." तो असा खुलून हसला की अभयरावांना त्याचा हेवा वाटला.

दोन महिने असे गेले. एका बाजूला न विचारणारी मुलगी, दुसऱ्या बाजूला न सांगणारा म्हातारा, मधे टेबल, त्यावर अक्षताने ठेवलेला चहा आणि त्यावर धरत जाणारी साय. कधी कधी चार-चार मिनिटं कुणी बोलायचं नाही. अभयरावांना मग वाटे, सांगून टाकावं हिला, की विचार गं बाई, माझ्याजवळ सगळं आहे, हा बघ कागद. एरवीही ते तिला अहोजाहो करत. "सर, मला तू म्हणा ना," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, पण त्यांची जीभ वळली नाही. नियम मोडायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं आणि नियम पाळण्यात आपण तिचं नुकसान करतोय, आपला रोग तिला लावतोय, ही टोचणी प्रत्येक शनिवारी घरी जाताना लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर खाली उतरत होती. मुलाखत सोमवारी होती. हा शेवटचा शनिवार. आणि या शेवटच्या शनिवारी दोन पानं चिकटली.

रुतिका गेल्यावर अक्षता हात पुसत बाहेर आली. "काका, मानलं तुम्हांला. मी आठ वर्षं त्या धंद्यात होते, मला नाही सुचलं. तिला माहीत असलेल्या गोष्टीतच चुकीचा आकडा द्यायचा. हळद. ती गप्प बसूच शकत नव्हती." अभयरावांनी तोंड उघडलं. नेमका तेव्हा तिचा फोन वाजला, ती गॅलरीत गेली, आणि उघडलेलं तोंड त्यांनी मिटून घेतलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे मुद्दाम केलंत का म्हणून. ते जिने उतरून आले, लिफ्ट असताना.

रविवार त्यांनी एका विचित्र सुखात काढला. खरी गोष्ट अशी होती की साठ हा आकडा वाचताना त्यांना जरासुद्धा शंका आली नव्हती. उलट, साठ, बरीच की, असंच मनात आलं होतं. त्यांची स्वतःची हळद मिरजेला, काकांच्या माजघरात, सकाळी आठला झाली होती. आंब्याच्या पानाने पाच सुवासिनींनी हळद लावली, कुणीतरी तेल फार घातलं म्हणून कुणीतरी कुरकुरलं, नऊला सगळे आंघोळ करून मोकळे. आणि इथे, अर्ध्या तासाच्या अंतरावर, अख्खं गाव रात्रभर जेवतं, नाचतं, लग्नापेक्षा हळद मोठी असते, हे त्यांना चोवीस वर्षं खारघरात राहून ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. तरीसुद्धा अक्षताचे ते शब्द, मानलं तुम्हांला, ते रविवारभर मनातल्या मनात चघळत राहिले, आवळकाठी गालात ठेवावी तसे. कुणी त्यांना चतुर म्हटल्याचं त्यांच्या आठवणीत नव्हतं. सज्जन म्हणत, वाचक म्हणत, बिनउपद्रवी म्हणत. चतुर नाही. दुपारी आरशासमोर विंचरताना ते जरा थांबलेही. आणि त्या सुखाच्या तळाशी, आमटीच्या तळाशी खडा लागावा तसं, ते खरं नसल्याचं लागत होतं. पण कुणाचं काय वाईट झालं, असं म्हणून ते तो खडा बाजूला सारत होते. मुलगी बोलती झाली, एवढं पुरे.

सोमवारी साडेअकराला ते सेक्टरच्या भाजीबाजारात होते. बायजा नावाची एक बाई गावठी भाजी घेऊन फुटपाथवर बसायची, तिच्याकडचा अळू राजेश्वरीला आवडायचा. ते वाकून जुडी पाहत असताना फोन वाजला. रुतिकाचा होता. तिने आजवर कधी फोन केला नव्हता. ती आता वांद्र्याच्या कुठल्यातरी काचेच्या इमारतीत असायला हवी होती.

"सर, वेळ आहे का तुम्हांला?"

"आहे," ते म्हणाले.

"एक राउंड झाला. मॅडम होत्या, बरा गेला. दुसरा वीस मिनिटांत आहे. पार्टनर आहेत. मी आत्ताच त्यांना बघितलं काचेतून. अगदी तुमच्यासारखे आहेत सर. केस पांढरे, आणि हसतच नाहीत." ती थांबली. मागे लिफ्टची घंटी वाजली. "सर, एक बोलू?"

"बोला."

"ती हळदीची चूक तुम्ही मुद्दाम केली होती, असं अक्षताताईने काल सांगितलं. मला कॉन्फिडन्स यावा म्हणून सांगितलं तिने. पण तेव्हापासून कसंतरीच वाटतंय. म्हणजे तेही तुम्हीच करून घेतलंत ना माझ्याकडून. मला वाटलं होतं, मी स्वतःहून बोलले. आता हे आत बसलेले थोडेच माझ्यासाठी मुद्दाम चुकणार आहेत."

बायजा म्हणाली, "बाबा, जुरी घ्याची हाय का नुसती हातान धराची?" अभयरावांनी जुडी खाली ठेवली आणि ते दोन पावलं बाजूला, एका उभ्या टेम्पोच्या सावलीत सरकले. पायाखाली कोबीची पानं होती. त्यांना एकदम उन्हाचा, पेट्रोलचा, ओल्या मातीचा वास वेगवेगळा आला. आता त्यांना विचारलंय का, नाही विचारलंय, असं काहीतरी त्यांच्या मनात जुन्या सवयीने चाचपडू लागलं. प्रश्न तर तिने केलाच नव्हता. हो गं, मुद्दामच, पण तू बोललीस ना, असं म्हणून आपलं दीड दिवसाचं चातुर्य राखता आलं असतं. तिने मानलंही असतं, मोठ्या माणसांचं ती मानते. आणि मग ती पांढऱ्या केसांच्या त्या माणसासमोर बसली असती, शिंपल्यासारखी.

"मुद्दाम नव्हतं," ते म्हणाले. आवाज फार बारीक निघाला, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं. "रुतिका, मुद्दाम नव्हतं. मी चुकलो होतो."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दोन पानं चिकटली होती. साठ हा आकडा कॉफीच्या दुकानातल्या खुर्च्यांचा. अक्षताला वाटलं मी युक्ती केली. मी तिला काही बोललो नाही. बरं वाटलं म्हणून बोललो नाही."

"पण सर, वाचताना तुम्हांला नाही वाटलं? हळदीला साठ?"

"मला जास्तच वाटले होते. माझ्या हळदीला अकरा माणसं होती."

"अकरा?"

"त्यातला एक दूधवाला. तो चुकून थांबला होता."

ती हसली. आधी नाकातून, मग मोकळी, मग बहुधा कुणी पाहिलं म्हणून तोंडावर हात ठेवून. "मग जेवायला काय केलं होतं अकरा माणसांना?"

"पोहे."

"हळदीला पोहे? आणि नाचायला बँजो वगैरे?"

"काका रेडिओ लावायचे सकाळी, तो चालू होता. बातम्या होत्या."

"सर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला, "म्हणजे मी खरंच तुमची चूक काढली?"

"काढलीत. आणि बरोबर काढलीत."

"राग आला तुम्हांला?"

अभयरावांनी विचार केला. टेम्पोवाल्याने आतून दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं. "राग नाही. भीती वाटली."

"मला घाबरलात?"

"हो. तू विचारत सुटलीस ना, तेव्हा जास्त. पण छान वाटत होतं." तू म्हणाल्याचं त्यांना दोन क्षणांनी कळलं, आणि मागे घ्यायला काही मार्ग नव्हता. "हे बघ, तो आत बसलेला आहे ना, त्याच्याही हातात कागद असेल. त्याने तो नीट वाचला असेलच असं नाही. हळद तर त्याने पाहिलीही नसेल. तुला जे माहीत आहे ते त्याला माहीत नाही. म्हातारी माणसं वाट बघत बसलेली असतात, कुणीतरी विचारावं म्हणून. चेहऱ्यावर दिसत नाही एवढंच." इतकं सलग ते कधी बोलले होते, त्यांना आठवेना.

"बोलावलं सर," ती म्हणाली. "जाते." आणि फोन बंद झाला.

अळू घेतला की नाही ते त्यांना घरी आल्यावर कळलं. घेतला होता, दोन जुड्या. दुपार त्यांनी पुस्तक उघडं ठेवून काढली. एकच परिच्छेद चार वेळा वाचला. आपण फार बोललो, हे मनात आलं. घाबरलो म्हणायची काय गरज होती, चुकीच्या वेळी चुकीची गोष्ट सांगितली, हेही आलं. पण नेहमी हे विचार घरात शिरून बिछाना पसरत, तसे आज पसरले नाहीत. दारात उभे राहून, आत पाहून, निघून गेल्यासारखे वाटले. गॅलरीत कबुतरं येऊन बसली, त्यांनी हाकललीही नाहीत.

सहाला अक्षता खाली आली, चपला न घालता. "काका, झालं तिचं. घेतलं तिला. आत्ता फोन आला. शेवटी त्या पार्टनरने विचारलं म्हणे, आणखी काही विचारायचं आहे? ही म्हणाली, हो, तुमच्या कागदावरचा भाड्याचा आकडा वर्षाचा आहे की महिन्याचा, तो मला पटत नाही. आणि तो खरंच चुकीचा वाचत होता." ती हसता हसता सोफ्यावर बसली. "तुमची ती युक्ती, काका."

"युक्ती नव्हती गं," अभयराव म्हणाले. या खेपेस शब्द सरळ निघाले, फाटकाची कडी एकदा सैल झाली की निघते तसे. "दोन पानं चिकटली होती. मी चुकलो आणि तिने पकडलं. तिला सकाळी सांगितलंय मी."

अक्षताने विचारलं, "आणि मला परवा का नाही सांगितलंत?"

"तू चतुर म्हणालीस म्हणून."

"मी चतुर म्हणाले नव्हते. मानलं म्हणाले होते."

"तेच ते."

स्वयंपाकघराच्या दारात राजेश्वरी पदराला हात पुसत उभी होती. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, त्या हसण्यात त्यांना घेतलेलं नव्हतं, पण वगळलेलंही नव्हतं. अक्षता उठली. पुढच्या शनिवारी अंकुर नावाचा एक मुलगा येणार होता, तो फार बोलतो, त्याला ऐकायला शिकवायचं आहे, असं म्हणून ती गेली. दार लागल्यावर अभयरावांना जाणवलं की आपल्याला भूक लागली आहे. साधीसुधी नाही, शाळेतून घरी आल्यावर लागायची तशी, पोटात खड्डा पडलेली. एरवी या वेळी राजेश्वरी, काही खाणार का, असं विचारे आणि मग ते थोडंसं म्हणत. आज ते तिच्या बाजूने आत गेले आणि फळीवरचे डबे एकेक करून उघडून पाहू लागले. चिवड्याचा सापडला. त्यांनी मूठभर काढून तोंडात टाकला आणि डबा तिच्यापुढे धरला.

"काय हो, जेवायच्या वेळेला?" ती म्हणाली.

"घे," तोंड भरलेलं असतानाच ते म्हणाले. "आणि बस जरा. तुला सांगायचंय."